वरच्या थरातली पट्टी

१

सोमवारी सकाळी साडेदहाच्या आत आठ चिपा जळाल्या.

पहिली जळाली तेव्हा टेबलाभोवतीच्या मंडळींपैकी कुणीतरी हसलंसुद्धा. फॅक्टरीतून आलेल्या नव्या मालात एखादी नासकी निघायचीच. दुसरीच्या वेळी वायरी उलटसुलट करून पाहिल्या. तिसरीच्या वेळी मोटार बदलली. चौथीपासून तेच तेच. वीज द्यायची, मोटार अर्धा वळसा घ्यायची, आणि चिपच्या काळ्या पाठीवर फोड येऊन धुराची बारीक रेघ निघायची. आठव्या वेळी साहेबांनी स्वतः पुढे होऊन बटण बंद केलं.

चाळीस नमुने आले होते, बत्तीस उरले. दोन वर्षांचं काम होतं ते. बॅटरीवर चालणाऱ्या चाकाच्या खुर्चीची मोटार या चिपने चालवायची होती. ज्यांचे पाय चालत नाहीत त्यांनी एका बोटाने खुर्ची वळवावी, उतारावर ती सुटू नये, चढावर दमू नये, हे सगळं त्या नखाएवढ्या तुकड्याने सांभाळायचं होतं.

साहेबांनी जळालेल्या आठही चिपा एका डबीत घातल्या आणि ते तळघरात उतरले. साहेब होऊन तीन वर्षं झाली होती, पण तिथे ते पहिल्यांदाच येत होते. दिव्याचं बटण कुठे आहे हेही त्यांना ठाऊक नव्हतं.

तळघरात डॉक्टरीणबाईंची लॅब होती. बाई काही डॉक्टर नव्हत्या. मेलेली चिप अॅसिडने उघडायची, थर सोलत आत शिरायचं आणि ती कशाने मेली ते सांगायचं, हे त्यांचं काम. वरच्या मजल्यावरच्या कुणीतरी कधीतरी लॅबला शवागार म्हटलं आणि त्यांना डॉक्टरीण, ते चिकटलं ते चिकटलंच. वय चोपन्न. घरी एकट्या. अलीकडे डिझाइनची सॉफ्टवेअरं इतकी सुधारली होती की चिपा पहिल्याच फटक्यात चालायच्या, आणि बाई महिनोन् महिने रिकाम्या टेबलाशी बसून असायच्या. एकदा त्यांना सर्दी होऊन आवाज बसला होता. बसलाय हे त्यांना तीन दिवसांनी कळलं.

साहेबांनी डबी ठेवली. "कारण हवंय. आणि नाव."

"कुणाचं नाव?"

"ज्याच्यामुळे झालं त्याचं. शुक्रवारी वरच्या लोकांसमोर मला दोन्ही ठेवायचंय."

"चिप उघडली की कारण सापडतं, साहेब. नाव काही आत लिहिलेलं नसतं."

"बघा तरी," साहेब म्हणाले आणि रुमालाने नाक दाबत जिना चढून गेले.

२

दुपारी मास्तर खाली आले. एका हातात कप आणि दुसऱ्या हातात स्वतःची खुर्ची.

या चिपचं डिझाइन मास्तरांचं. मोटारींच्या चिपा बनवण्यात त्यांची पस्तीस वर्षं गेली होती, आणि वरच्या मजल्यावरच्या निम्म्या लोकांना त्यांनीच हाताला धरून शिकवलं होतं. निवृत्तीचं वय उलटून गेलं होतं, पण ही चिप हातावेगळी होईपर्यंत त्यांना ठेवून घेतलं होतं. बायको जाऊन दीड वर्ष झालेलं. मुलगी दूर, रविवारी फोन करणारी.

"येऊ का?"

"आलाच आहात की," बाई म्हणाल्या. त्यांना बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची थोडी लाजही वाटली. सहा वर्षांपूर्वीपर्यंत मास्तर असेच यायचे. तेव्हा प्रत्येक नवी चिप मेलेलीच यायची. दोघं शेजारी बसून अकरा-अकरा आठवडे एकेका चिपच्या मागे लागलेले असायचे.

"घाई करू नका," मास्तर म्हणाले. "साहेबांना काय, शुक्रवार म्हणजे शुक्रवार. तुम्ही तुमच्या चालीने जा."

अॅसिड काळं कवच खात होतं तेवढ्यात त्यांनी बाईंना ती चिप समजावून सांगितली. बाईंना ते माहीत होतं. तरी त्यांनी ऐकून घेतलं.

"मोटारीच्या प्रत्येक तारेला दोन दरवाजे. एक वरचा, वीज आत सोडणारा. एक खालचा, बाहेर नेणारा. दोन्ही एकदम कधी उघडायचे नाहीत. उघडले तर वीज मोटारीत जातच नाही, वरून खाली थेट कोसळते आणि वाटेतलं सगळं जाळते. म्हणून वरचा मिटला की खालच्याने लगेच उघडायचं नाही. मध्ये दम खायचा. एका सेकंदाचे तीस लाख तुकडे केले तर त्यातला एक, एवढाच दम. पण तो खायचाच."

"आणि इथे तो खाल्ला गेला नाही?"

"ते तुम्ही सांगायचं," मास्तर म्हणाले आणि चहा प्यायले. स्वतःची चिप जळालेला माणूस गुणगुणत होता. बाईंच्या ते लक्षात आलं, आणि त्यांनी ते तसंच सोडून दिलं.

मंगळवारी सकाळी अकरा वाजता उत्तर सापडलं. चिपमध्ये एक खुंटी होती. तिच्यावर दम ठरायचा, लांब की आखूड. आखूड दम फक्त फॅक्टरीतल्या एका चाचणीपुरता. एरवी खुंटी आपसूक लांबवर राहायची, तिला कशालाही बांधायचं नव्हतं. मूळ आराखड्यात ती मोकळी होती.

सूक्ष्मदर्शकाखाली मात्र ती मोकळी नव्हती. सगळ्यात वरच्या धातूच्या थरात एक पट्टी होती. तिने ती खुंटी विजेच्या तारेला बांधून टाकली होती, कायमची, आखूड दमावर.

बाईंनी आराखडा दोनदा पडताळला. ती पट्टी चुकून आलेली नव्हती. कुणीतरी बसून ती काढली होती.

३

दुपारपर्यंत साहेबांना नाव मिळालं होतं.

ते बाईंनी दिलं नाही, संगणकाने दिलं. तीन महिन्यांपूर्वी एका गुरुवारी अंतिम फाइल तपासणीला लागली होती. फॅक्टरीला जाणारा नकाशा आणि मूळ डिझाइन तंतोतंत जुळतात का, हे बघायला यंत्राला दोन-अडीच तास लागत. सहा वाजून दहा मिनिटांनी अहवाल आला, की सगळं जुळतं. सहा वाजून एकेचाळीस मिनिटांनी फाइल पुन्हा उघडून जतन केलेली होती. शुक्रवारी सकाळी ती फॅक्टरीला गेली. एकेचाळीसच्या त्या नोंदीपुढे नाव होतं तपासनीस मुलीचं.

मुलगी म्हणायची एवढंच. तीस-बत्तीस वर्षांची बाई, तीन वर्षांच्या लेकीची आई. ती जिना उतरून आली तेव्हा तिचे डोळे कोरडे होते.

"ताई, मी नव्हतेच तिथे. साडेपाचला पाळणाघरातून फोन आला होता, लेकीला ताप भरलाय म्हणून. मी तशीच पळाले. गेटवर नोंद आहे."

"साहेबांना सांगितलंस?"

"सांगितलं. म्हणाले, मशीन उघडं टाकून गेलीस ना, मग तू केलंस काय आणि करू दिलंस काय, एकच. शुक्रवारी राजीनामा दे म्हणाले, म्हणजे चौकशी नको." ती स्टुलावर टेकली. "स्क्रीन लॉक केली की तपासणी बंद पडते, ताई. सगळेच उघडी ठेवतात. आणि सकाळी मी अहवाल बघितला आणि सही केली. फाइलची वेळ नाही बघितली. तेवढी माझी चूक आहे. पण मी कशाला जाळीन? चाकाच्या खुर्चीवरच्या एका आजोबांना चाचणीसाठी मीच बोलावलं होतं. त्यांना काय सांगू?"

बाईंनी तिच्यापुढे पाणी ठेवलं. लोकांना धीर कसा देतात ते त्यांना आठवेना. म्हणून त्यांनी कामाचं विचारलं.

"गेटवरची नोंद माझ्याकडे आण. त्या दिवशी पावणेसात वाजता वरच्या मजल्यावर कोण कोण होतं?"

तासाभराने कागद आला. तिघं होते. साहेब, नकाशेवाला आणि मास्तर.

४

नकाशेवाला बुधवारी सकाळी आला. दारातच उभा राहिला. अॅसिडच्या वासाने त्याला भोवळ यायची, म्हणून बारा वर्षांत त्याने हा उंबरा ओलांडला नव्हता. चिपवरच्या लाखो पट्ट्या कुठून कुठे जाणार, हे आखायचं काम त्याचं, आणि तपासनीस मुलीशी त्याचं विळ्याभोपळ्याचं नातं. आठवड्याला त्याच्या चाळीस चुका ती काढायची, त्याही सगळ्यांसमोर.

"म्हणजे मीच ना?" तो म्हणाला. "सगळ्यांना तेच वाटतंय. कालपासून माझ्या टेबलाशी कुणी चहालासुद्धा येत नाही."

"तुमच्या टेबलाशी लोक चहाला येतात?" बाईंनी विचारलं. खोचून नव्हे, नवल वाटून.

मग त्यांनी संगणकाचा पडदा दाराकडे वळवला आणि पट्टीचा फोटो दाखवला. नकाशेवाल्याने मान वाकडी करून तो पाहिला, आणि त्याच्या चेहऱ्यावर दुखावल्याचा भाव आला.

"ही मी काढली असं म्हणता? बाई, ही खुंटी इथे, ही विजेची तार इथे. सरळ जोडलं तर केसाएवढी पट्टी पुरते. ही बघा कुठून निघालीय! डावीकडे गेली, त्या कोपऱ्यातल्या रिकाम्या जागेला वळसा घातला, तिथून परत आली. शेजारच्या घरी जायला गावाला प्रदक्षिणा! असं काम करणाऱ्याला मी दारात उभं करणार नाही."

"रिकाम्या जागेत खाली काय आहे?"

"काही नाही. म्हणून तर रिकामी. सगळ्या चिपमध्ये एवढाच तुकडा असा आहे की ज्याच्याखाली एकही तार नाही." त्याने डोळे बारीक केले. "आणि ही फुली कसली? पट्टीच्या शेजारी?"

फोटोत पट्टीच्या उजव्या अंगाला अधिकच्या चिन्हासारखी एक बारीक फुली होती.

"तुमचीच असेल ना, खुणेची?"

"माझ्या खुणा चार कोपऱ्यांत असतात, फॅक्टरीच्या नियमाने. ही कशालाच जोडलेली नाही. हिचा उपयोग काय?"

नकाशेवाला रुमाल नाकाला लावून निघाला, दोन पायऱ्या चढून थांबला. "ती पोरगी माझं डोकं खाते," तो म्हणाला. "पण ती आल्यापासून माझी एकही चिप मेलेली आली नव्हती. तिला घालवू नका म्हणावं."

दुपारी बाईंनी आयनांच्या झोताचं यंत्र सुरू केलं. सुईच्या टोकाहून हजारपट बारीक झोत, त्याने चिपमधली एक पट्टी कापता येते. मास्तर शेजारी खुर्ची ओढून बसले होते. उरलेल्या बत्तिसांतली एक चिप घेऊन, पट्टी रिकाम्या जागेवरून जात होती तिथेच बाईंनी ती कापली. खाली काही नव्हतं, त्यामुळे काही दुखावण्याची भीती नव्हती. वीस मिनिटांत काम झालं.

चिप मोटारीला जोडली, वीज दिली. मोटार फिरली. अर्धा वळसा, एक वळसा, शंभर वळसे. हळू, जोरात, उलट, सुलट. धूर आला नाही.

"जिवंत आहे," मास्तर हळूच म्हणाले, आणि त्यांचे डोळे भरून आले.

५

साहेब खूश झाले. फक्त वरचा एक थर बदलायचा, खालचे सगळे तसेच. सहा महिन्यांऐवजी पाच आठवड्यांत नवा माल. "नशीब बलवत्तर," ते म्हणाले. "मारणाऱ्याने नेमकं सोप्या जागी मारलं."

"तुम्ही त्या गुरुवारी पावणेसातला वर होतात," बाई म्हणाल्या.

साहेबांनी भुवया उंचावल्या. मग हसले. "होतो की. या चिपपेक्षा बाहेरची विकत घेऊ, असंही मीच म्हणत होतो, तेही लिहून घ्या. पण बाई, ते नकाशाचं सॉफ्टवेअर मला उघडतासुद्धा येत नाही. मागे एकदा प्रयत्न केला तर सबंध चिप गायब झाली, दोघांनी मिळून परत आणली. विचारा कुणालाही."

विचारायची गरज नव्हती. ती गोष्ट तळघरापर्यंत पोचलेली होती, म्हणजे खरी असणार.

"शुक्रवारी तिचं नाव जाईल," साहेब जाता जाता म्हणाले. "दुसरं असेल तर उद्या संध्याकाळपर्यंत द्या."

त्या दिवशी निघताना मास्तरांनी विचारलं, "उद्या येऊ?"

"या ना. आणखी दोन चिपा कापून बघू," बाई म्हणाल्या. "खात्रीसाठी."

खात्री एका चिपमध्येच झाली होती. हे त्यांना ठाऊक होतं. घरी गेल्यावर त्यांनी भात टाकला आणि बराच वेळ गॅसशी उभ्या राहून स्वतःलाच विचारलं की आपण असं का म्हणालो.

गुरुवारी सकाळी मास्तर यायच्या आधी त्यांनी दुसरी चिप यंत्रात ठेवली. हाताच्या सवयीने फुली शोधली, फुलीपासून डावीकडे सरकल्या, झोत पट्टीवर आणला.

आणि त्यांचा हात थांबला.

चिपच्या सगळ्यात वर काचेसारखं एक जाड पांघरूण असतं. झोताच्या यंत्राला पांघरुणाखालचं नीट दिसत नाही. आंधळ्याने चाचपडत जावं तसं जावं लागतं. जवळपास एखादी ठळक खूण असली, तिचा उंचवटा वर जाणवत असला, तरच अंदाजाने जागा सापडते. ही फुली नेमकी तशी होती, नेमक्या अंतरावर. ती फॅक्टरीसाठी नव्हती आणि मोटारीसाठीही नव्हती. जगात एकाच माणसाला तिचा उपयोग होता, आणि ते माणूस या खुर्चीवर बसलं होतं.

बाईंनी यंत्र बंद केलं.

६

मास्तर अकराला आले, कप घेऊन.

"बसू नका," बाई म्हणाल्या. मग त्यांना ते बरं वाटलं नाही. "बसा. पण आधी ऐका."

मास्तर बसले.

"त्या गुरुवारी वर तिघं होते. साहेबांना सॉफ्टवेअर उघडत नाही. राहिले दोघं. नकाशेवाल्याला त्या मुलीवर सूड उगवायचा असता तर त्याने सरळ, आखूड पट्टी काढली असती, खालच्या गर्दीत लपवली असती. मला ती कापता आली नसती. मग सगळी चिप नव्याने. या पट्टीने उलट केलंय. लांबचा वळसा घेऊन ती रिकाम्या जागी येऊन थांबलीय, कापा म्हणून. ज्याने मारलं त्याला ती मरायला नको होती, मास्तर."

मास्तर कपाकडे बघत होते.

"तरी मी म्हटलं, योगायोग असेल. पण ही फुली. नकाशेवाल्याला ती कशासाठी आहे ते कळलं नाही, आणि तो खोटं बोलत नव्हता. तो कधी या उंबऱ्याच्या आत आलाच नाही. साहेब सोमवारी पहिल्यांदा आले. ती मुलगीही परवाच आली. झोताला खूण लागते, खूण नसली की मी किती वैतागते, हे कुणाला माहीत असणार? मी वैतागायचे तेव्हा शेजारी कोण बसलेलं असायचं?"

वरून कुणीतरी खुर्ची सरकवल्याचा आवाज आला. मास्तरांनी कप खाली ठेवला.

"ती चांगली झाली होती हो," ते शेवटी म्हणाले. "पहिल्या फटक्यात चालली असती. मला त्या गुरुवारी अहवाल दिसला. तिच्या स्क्रीनवर, हिरव्या अक्षरात, सगळं जुळतं. अंतिम फाइल पहिल्याच तपासणीत जुळली, असं पस्तीस वर्षांत पहिल्यांदा झालं. आणि मला वाटलं, संपलं. आता तीन महिन्यांनी माल येणार, मोटार फिरणार, सगळे टाळ्या वाजवणार आणि मी घरी जाणार." ते थांबले. "घरी सकाळी आठ वाजता मी तयार होऊन बसतो, बाई. रविवारीसुद्धा. बूट घालून."

"मग वाटलं, आपल्या वेळेसारखं एकदा होऊ दे. एकदा मेलेली येऊ दे. चार-आठ आठवडे तुमच्याकडे बसता येईल. नुसतं यायचं म्हटलं तर काय सांगून येणार? सहा वर्षं मी त्या जिन्याच्या तोंडाशी येऊन परत जातोय. तुमच्याकडे यायचं तर हातात काहीतरी मेलेलं लागतं."

बाईंना राग आला होता. तो आता कुठल्या दिशेला न्यावा ते त्यांना कळेना. म्हणून त्यांनी तो जिथे न्यायला हवा तिथे नेला.

"आणि तिचं काय? तिच्या मशीनवर बसून केलंत."

"ते उघडं होतं. माझ्या मनात तिचं नावही नव्हतं. मला वाटलं, कुणी केलं हे कुणी विचारणारच नाही. आपण कधी विचारलं? चूक सापडायची, दुरुस्त करायची, पुढे जायचं. नाव शोधायची पद्धत कधी आली ते मला समजलंच नाही."

"मंगळवारी समजलं ना? ती तुमच्या समोरच्या टेबलाशी बसते. मंगळवार गेला, बुधवार गेला. तुम्ही इथे येऊन चहा पीत होतात."

"आज सांगणार होतो."

"काल का नाही?"

मास्तरांनी मान वर केली. चेहरा पार उतरला होता.

"काल तुम्ही म्हणालात, उद्या या, आणखी दोन चिपा कापू."

बाईंनी टेबलावरचे हातमोजे उगीच घडी करून ठेवले. पुन्हा उलगडले.

"एका चिपमध्ये काम झालं होतं," त्या म्हणाल्या. "तुम्हालाही माहीत होतं, मलाही. तेवढा दोष माझा. तो मी अहवालात लिहिणार आहे. बाकीचा तुमचा. चला."

"कुठे?"

"वर. तुम्ही सांगायचं. मी बरोबर येते."

जिना चढताना मास्तर मध्येच थांबले, कठड्याला धरून. बाई दोन पायऱ्या खाली थांबल्या. घाई केली नाही, हातही धरला नाही. ते पुन्हा चढू लागले तशा त्याही चढल्या.

७

साहेबांच्या केबिनमध्ये मास्तर उभ्यानेच बोलले. सात-आठ वाक्यांत सगळं सांगून टाकलं, एकही कारण न देता. साहेबांनी दोनदा विचारलं, "पण का?" दोन्ही वेळा मास्तर म्हणाले, "ते सांगण्यासारखं नाही." बाईंनीही सांगितलं नाही. अहवालात कशाने, कुठे आणि कुणी, एवढंच लिहिलं, आणि खाली एक ओळ: दुसऱ्या व तिसऱ्या चिपची आवश्यकता नसताना परीक्षकाने एक दिवस वाढवला.

मास्तरांना त्याच दुपारी टेबल रिकामं करायला सांगितलं. गाजावाजा नको म्हणून पोलिसांत प्रकरण गेलं नाही. भाषण नाही, टाळ्या नाहीत. एका खोक्यात त्यांचं सामान मावलं. वरच्या मजल्यावर ज्यांना त्यांनी शिकवलं होतं ते सगळे आपापल्या पडद्यात बघत बसले. नकाशेवाला तेवढा उठला आणि खोकं गेटपर्यंत घेऊन गेला.

तपासनीस मुलीची नोकरी राहिली. संध्याकाळी ती खाली आली.

"थँक्यू, ताई," ती म्हणाली. आणि मग, "मी त्यांना माफ करणार नाही. मला त्यांनीच शिकवलं सगळं. काल मी रडत होते तेव्हा ते समोरून उठून गेले, मला वाटलं माझ्यासाठी वाईट वाटलं म्हणून. ते इकडे येत होते."

"नको करूस," बाई म्हणाल्या. "तुझा हक्क आहे."

पाच आठवड्यांनी नवा माल आला. पट्टीही नव्हती, फुलीही नव्हती. एकही चिप जळाली नाही. चाचणीच्या दिवशी ते आजोबा खुर्चीवरून आले, एका बोटाने दांडी पुढे ढकलली आणि मजलाभर गरगर फिरले. वळताना एका टेबलाला धडकले आणि खूप हसले. सगळे टाळ्या वाजवत होते. बाईंनाही वर बोलावलं होतं. त्या दारापाशी उभ्या राहिल्या, टाळ्या वाजवल्या, आणि टाळ्या संपायच्या आत निघाल्या.

त्या रविवारी दुपारी चार वाजता त्या एका तीन मजली इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर उभ्या होत्या. पत्ता नकाशेवाल्याकडून घेतला होता. घंटा वाजवली. आतून पावलं आली ती चपलांची नव्हती, बुटांची होती.

मास्तरांनी दार उघडलं. वाळले होते. बाईंच्या रिकाम्या हातांकडे त्यांनी बघितलं, मग मागे जिन्यात कुणी आहे का ते बघितलं.

"काय झालं? चिप गेली का?"

"चिप उत्तम चाललीय."

"मग?"

"मग काही नाही. सहज आले."

हा शब्द त्यांच्या तोंडून इतक्या वर्षांनी निघाला होता की तो बरोबर वापरला की नाही याची त्यांना खात्री वाटेना. मास्तर बाजूला झाले. खोलीत एकच खुर्ची मांडलेली होती. दुसरी आतून आणायला त्यांना वेळ लागला, कारण तिच्यावर वर्तमानपत्रांचा गठ्ठा होता.

दोघं बसले. बोलायला विषय सापडेना. कामाचं बोलायचं नव्हतं, आणि दुसरं काही ते कधी बोललेच नव्हते. खालून कुणाच्या तरी सायकलची साखळी खडखडत गेली. मास्तर वाकले, बुटांच्या नाड्या सोडल्या, बूट काढून दाराशी ठेवून आले.

"बाई," ते परत बसत म्हणाले, "एकोणीस वर्षं झाली आपल्या ओळखीला. तुमचं घर कुठल्या बाजूला, हे मी कधी विचारलंच नाही."

"पाण्याच्या टाकीच्या मागे," बाई म्हणाल्या. "टाकीपासून उजवीकडे वळलात की एक शिलाईचं दुकान लागतं. त्याच्यापुढे..."

"थांबा," मास्तर म्हणाले, आणि खिसे चाचपत कागद शोधू लागले.